चपला सांभाळायला कोण बसणार?

मैत्रिणींनो, दिवाळी संपली, फराळाचे डबे घासूनपुसून फळीवर गेले की बऱ्याच घरांत पुढच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात. कुणाला राजस्थान, कुणाला केरळ. अलीकडे मात्र 'या वेळी अंदमान' हे वाक्य फार ऐकू येतं. आणि अंदमानला जायचं म्हटलं की आपल्या मराठी घरांत दोन गोष्टी ठरलेल्या. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे दोन मिनिटं उभं राहायचं आणि हॅवलॉकला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचं. पहिल्या ठिकाणी घरातले सगळे जातात. दुसऱ्या ठिकाणी कोण कोण जातं, ते आज जरा बघू या.

आमचंच उदाहरण घ्या. दहा-बारा वर्षांपूर्वी सोसायटीतली चार कुटुंबं मिळून आम्ही अंदमानला गेलो होतो. तिकिटं, हॉटेलं, बोटींच्या वेळा, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाच्या कुठल्या गोळ्या, सगळं मी एका दोनशेपानी वहीत लिहून काढलं होतं. सगळ्यांनी त्या वहीचं कौतुकही केलं. त्याच वहीत एका पानावर 'स्कूबा' असं लिहून खाली नऊ नावं होती. चार पुरुष आणि पाच मुलं. तो दिवस उजाडला, नऊजण ते काळे रबरी कपडे चढवून बोटीत बसून गेले आणि आम्ही चौघी माडाखाली सतरंजी टाकून बसलो. माझ्यापुढे नऊ जोड चपला, चार पाकिटं, सहा मोबाइल, मुलांचे चष्मे आणि चिवड्याचा डबा.

दोन-तीन तासांनी मंडळी परत आली ती नुसती ओसंडून वाहत होती. धाकटा म्हणाला, "आई, खाली कसलं भारी आहे! तू का नाही आलीस?" मी सवयीनं म्हटलं, "मला नाही बाई जमत असलं काही." पण रात्री झोप येईना. कारण मला कुणी नको म्हटलंच नव्हतं. वही माझी, पेन माझं, अक्षर माझं. त्या पानावर माझं नाव घातलं नाही ते मीच. नुसतं माझंच नाही, बाकीच्या तिघींचंही. त्यांना विचारायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

आजचा लेख त्या पानाबद्दल आहे. सहलीचं सगळं नियोजन आपण करतो, अगदी निगुतीनं करतो आणि त्यातून नेमक्या स्वतःला वगळतो. पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून काय काय ठरवायला हवं, ते मी दुसऱ्या खेपेला ठेचा खात शिकले. ते तुम्हाला सांगते.

आधी आपल्या सबबी बघू. पहिली सबब, 'मला पोहता येत नाही.' आपल्या पिढीतल्या कितीतरी जणींना येत नाही, हे खरंच आहे. भावाला विहिरीत ढकलून शिकवलं, आपल्याला काठावर बसवलं. पण पहिल्यांदा करायच्या स्कूबाला, म्हणजे ज्याला तिथे 'ट्राय डाइव्ह' म्हणतात त्याला, पोहता यावंच लागतं असं नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ बरोबर असतो, तुम्हाला धरून असतो आणि जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंतच नेतो. रीतसर कोर्स करायचा असेल तर मात्र पोहता यायला हवं. तीन-चार दिवसांचा हा 'ओपन वॉटर' कोर्स असतो. त्यात दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. तो झाला की अठरा मीटरपर्यंत जाता येतं. कोर्स करा न करा, सहल तीन-चार महिन्यांवर असेल तर महापालिकेच्या तलावावर बायकांची बॅच असते, तिथे नाव घाला. तोंड पाण्यात घालायची भीती गेली तरी अर्धं काम झालं.

दुसरी सबब कपड्यांची. ती आपण मोठ्यानं बोलत नाही, पण खरी अडचण बऱ्याचदा तीच असते. तो वेटसूट अंगाला घट्ट बसतो. पोट दिसतं, मांड्या दिसतात. बरोबर दीर असतात, नवऱ्याचे मित्र असतात. मलाही तेच वाटलं होतं. मग बघितलं, तर सगळ्याच मंडळींची पोटं दिसत होती आणि त्यांना त्याचं काही नव्हतं! आत पोहण्याचा पोशाख किंवा साधा टी-शर्ट आणि लेगिंग चालतं. गंमत पुढेच आहे. शरीर आणि तो सूट पाण्यात तरंगायला बघतात, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. जन्मभर सगळ्यांनी मला वजन कमी कर म्हणून सांगितलं. वजन वाढवून देणारा तो पहिलाच माणूस भेटला.

तिसरी सबब, 'आता या वयात?' दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर 'हेन्यो' नावाच्या बायका आहेत. हेन्यो म्हणजे सागरकन्याच म्हणा. पाठीवर नळकांडं नाही, तोंडात नळी नाही, नुसता श्वास रोखून त्या समुद्रात बुडी मारतात आणि शिंपले, समुद्री वनस्पती काढून आणतात. हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. आता त्यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. अमेरिकेच्या सिल्व्हिया अर्ल या शास्त्रज्ञबाईंचं उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. समुद्राच्या तळाशी बांधलेल्या घरात राहून संशोधन करायचं, असा एक प्रकल्प होता. बायकांना पुरुषांबरोबर तिथे ठेवणं तेव्हाच्या लोकांना पटेना. शेवटी १९७० मध्ये फक्त बायकांची पाचजणींची तुकडी केली आणि तिच्या प्रमुख अर्लबाई होत्या. दोन आठवडे त्या पाण्याखाली राहून आल्या. पुढे १९७९ मध्ये हवाई बेटांजवळ ३८१ मीटर खोलीवर त्या समुद्राच्या तळावर चालल्या. आपल्याला बारा मीटर जायचंय हो!

चौथी सबब, 'मुलांकडे कोण बघणार?' याला सोपं उत्तर आहे, दोन बॅच करा. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कूबा करू देत नाहीत. त्यामुळे लहान मूल असेल तर एकाला किनाऱ्यावर थांबावंच लागतं. पण तोच एक माणूस सगळा वेळ थांबला पाहिजे असं कुठं आहे? सकाळी आई, दुपारी बाबा. किंवा आज आई, उद्या बाबा. हे तिथे गेल्यावर जमत नाही, बुकिंगच तसं करावं लागतं. म्हणून म्हणते, वहीत नावं लिहितानाच दोन रकाने आखा.

पाळीचं काय, हा प्रश्न मला दोघी-तिघींनी हळू आवाजात विचारला. तेव्हा इथे नीट आवाजात सांगते. पाळी चालू असताना स्कूबा करायला हरकत नसते. रक्ताच्या वासानं शार्क येतात ही भीती पोकळ आहे, तसा काही पुरावा नाही. पोट दुखत असेल, थकवा असेल तर नका जाऊ, ते तुमच्यावर. मात्र दिवस गेले असतील, किंवा गेले असण्याची नुसती शंका असेल, तरी अजिबात उतरायचं नाही. त्यात तडजोड नाही.

आता दिवसांची आखणी. अंदमानला जायला जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं. मे अखेरीपासून पाऊस आणि खवळलेला समुद्र. मुंबई-पुण्याहून बहुतेक जण चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअरला उतरतात. २०२४ पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. तिथून हॅवलॉकला बोटीनं जायचं. हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नीलचं शहीद द्वीप. बुकिंग करताना दोन्ही नावं कानावर पडतील, गोंधळू नका. खासगी बोट दीड-दोन तासांत पोहोचवते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, हे धरूनच चला.

या आखणीत एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे. स्कूबा करून लगेच विमानात बसायचं नाही. असं का, ते समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. आपण खाली जातो तेव्हा पाण्याचा दाब वाढतो. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत आपण विमानानं उंचावर गेलो, की दाब एकदम कमी होतो आणि सोडावॉटरची बाटली उघडल्यावर जसे बुडबुडे येतात तसे बुडबुडे अंगात तयार होऊ शकतात. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर कमीत कमी बारा तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर कमीत कमी अठरा तास मध्ये जायला हवेत, असं यातले जाणकार सांगतात. मी तर म्हणते, सरळ चोवीस तास धरा. समजा, दुपारी तीनला तुम्ही पाण्याबाहेर आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान आहे. हिशेब करा, सोळाच तास होतात.

त्यामुळे आखणी उलटीकडून करायची. आधी परतीचं विमान लिहा. त्याच्या आदला दिवस पोर्ट ब्लेअरसाठी ठेवा. सेल्युलर जेल, तिथला संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम आणि खरेदी त्या दिवशी. स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणि त्याच्यामागे एक मोकळा दिवस राखीव. वारा सुटला, कुणाला सर्दी झाली, तर तो दिवस कामी येतो. आपल्याकडची बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी प्रवासानं दमलेली असताना किंवा शेवटच्या दिवशी घाईघाईत स्कूबा उरकतात. लग्नाच्या पंगतीत शेवटी ताक प्यावं तसं! तसं करू नका.

स्कूबा कुठे करायचं? हॅवलॉकला नेमो रीफ नावाची जागा आहे, तिथे किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात जाता येतं. बोटीतून उडी मारायची नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला भीती कमी वाटते. लाइटहाउस, अ‍ॅक्वेरियम अशा जागांना बोटीनं नेतात. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं इंटरनेटवर दिसतील. त्या खोल जागा आहेत, कोर्स केलेल्यांसाठी. त्यांचा हट्ट धरू नका. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. पण कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते.

सेवा देणाऱ्यांची निवड करताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'केवढ्याला?' आणि दुसरा 'फोटो-व्हिडिओ फुकट आहे ना?' कांदे-बटाटे घेताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो. खरे प्रश्न वेगळे आहेत. पाण्यात एका प्रशिक्षकाबरोबर किती जण असतात? प्रशिक्षकाकडे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे, ते दाखवाल का? बोटीवर ऑक्सिजनचं सिलिंडर आहे का? सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का? काही झालं तर जवळचं रुग्णालय कुठलं, तिथवर न्यायला किती वेळ लागतो? उथळ पाण्यात सराव किती वेळ घेता? ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडे जायचं नाही. आपल्या कोकणात मालवण-तारकर्लीलाही आता स्कूबासाठी झुंबड असते. मे २०२२ मध्ये तिथे स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. स्कूबा झाल्यानंतर, घरी परतताना. तेव्हा लाइफ जॅकेट चढवायचं ते किनाऱ्याला पाय लागेपर्यंत. केस विस्कटतात, फोटो चांगला येत नाही, या कारणासाठी ते काढून ठेवू नका.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. तो फॉर्म.

स्कूबाच्या आधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा आहे का? हृदयाचा काही त्रास? कानाचं ऑपरेशन झालंय? मधुमेह? फिट येते का? गरोदर आहात का? कुठली औषधं चालू आहेत? पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आणखी काही प्रश्न. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' लिहिलं, तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर चांगला प्रशिक्षक पाण्यात नेत नाही.

दुसऱ्या खेपेला, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, आम्ही घरचेच गेलो. आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. या वेळी वहीत पहिलं नाव माझं होतं आणि दुसरं माझ्या जावेचं. मला बीपीची गोळी चालू आहे. म्हणून मी तीन आठवडे आधी त्यांच्याकडून फॉर्म मागवून घेतला, आमच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तपासून सही दिली. ते कागद फायलीत लावून मी निर्धास्त होते. जावेला फॉर्मबद्दल सांगायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिनं तो फॉर्म पहिल्यांदा पाहिला तो हॅवलॉकच्या काउंटरवर, अंगात वेटसूट चढवून झाल्यावर. तिला दमा आहे. फार नाही, थंडीत इन्हेलर लागतो एवढंच. पेन त्या ओळीवर थबकलं. दीर मागे उभे होते. म्हणाले, "अगं, सगळीकडे 'नाही' लिहून टाक. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. आणि तुला कुठं आत्ता त्रास होतोय?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, आपल्यातल्या प्रत्येकीनं असं कधी ना कधी कुणाकडे तरी पाहिलेलं असतं. आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होऊ नये, आपल्यामुळे खोळंबा होऊ नये. डोकं दुखत असताना 'काही नाही, बरी आहे' म्हणून पोळ्या लाटणाऱ्या आपण. एक टिक मारायला असा किती वेळ लागतो?

तिनं 'हो' लिहिलं. हात थरथरत होता, पण लिहिलं. प्रशिक्षक मुलगा फार तर पंचविशीचा असेल. त्यानं फॉर्म वाचला, आम्हाला बाजूला बसवलं आणि शांतपणे समजावलं. दम्यात श्वासाच्या नळ्या आकसतात. खाली दाबाखाली घेतलेली हवा फुप्फुसात अडकून राहिली, तर वर येताना ती फुगते. दहा मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट होते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुस फाटू शकतं. आणि हे व्हायला खूप खोल जावं लागत नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही खोटं लिहिलं असतं, तर खाली मला कळलंच नसतं." दीर एकदम गप्प झाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. फॉर्म म्हणजे नुसती औपचारिकता, कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसारखी, असंच आपल्याला वाटतं. तसं त्यांनाही वाटलं.

जाऊ त्या दिवशी पाण्यात गेली नाही. मुलांजवळ बसली. किनाऱ्यावर परत एक बाई चपला सांभाळत बसली आणि ती माझ्यामुळे बसली, याचं मला आजही वाईट वाटतं. फॉर्म तिला घरीच मिळाला असता तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन चाचणी करता आली असती. त्यांनी परवानगी दिली असती किंवा नसती दिली, पण निर्णय काउंटरवर, मागे रांग उभी असताना करावा लागला नसता. परत आल्यावर ती गेली डॉक्टरांकडे. त्यांनी काय सांगितलं हे तिचं तिच्यापाशी. पण तिनं स्वतःहून वेळ घेतली, यालाच मी फार मानते.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं एक करा. विमानाची तिकिटं काढाल त्याच आठवड्यात फॉर्म मागवा आणि प्रत्येकानं आपापला, एकट्यानं बसून भरायचा. नवऱ्याचा बायकोनं नाही, बायकोचा नवऱ्यानं नाही. कुणाला दिवस गेलेत का, कुणी कसली औषधं घेतं, हे सगळ्या ग्रुपला कळायची गरज नसते. आणि हे फक्त बायकांपुरतं नाही. 'मला काय धाड भरलीये' म्हणत छातीत स्टेंट असताना पाण्यात उतरू बघणारे पुरुषही असतात. त्यांच्यापुढेही फॉर्म ठेवा. जमल्यास विम्याच्या कागदावरही एक नजर टाका. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा धरलेलं नसतं.

आता माझी गोष्ट. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी हॉटेलातच ठेवली होती. केसांची घट्ट वेणी. आदल्या रात्री हलकं जेवण. आधी गुडघाभर पाण्यात तोंडानं श्वास घ्यायचा सराव झाला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी घेत राहायचा, सोडत राहायचा. मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'छान' नव्हे हं, 'मला वर जायचंय'. घरच्या सवयीनं कुणी खाली अंगठा वर केला, तर प्रशिक्षक सरळ वर घेऊन येतो!

तीन-चार मीटरवरच माझा कान ठणकायला लागला. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, हे शिकवलेलं होतं, पण घाबरून विसरले. तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? 'जाऊ दे, सहन करू. त्याला कशाला त्रास?' बघा, समुद्राखालीसुद्धा तेच! मग काउंटरवरची जाऊ डोळ्यांपुढे आली आणि मी हात हलवून कानाकडे बोट दाखवलं. तो लगेच मला मीटरभर वर घेऊन गेला. थांबला. नाक धरलं, फुंकलं, टक् झालं, दुखणं गेलं. परत खाली. वाटेत आणखी दोनदा तसंच. प्रत्येक वेळी तो थांबला. डायव्हिंगमध्ये एक संकेत पाळतात, कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला 'का' म्हणून कुणी विचारायचं नाही. स्वयंपाकघरात आणि ऑफिसातही हा संकेत असता तर काय बहार आली असती!

खाली काय पाहिलं? समुद्रफुलाच्या झुपक्यातून डोकावणारे नारिंगी-पांढरे छोटे मासे, पोपटासारख्या चोचीनं प्रवाळ कुरतडणारा मासा आणि स्वतःच्या श्वासाचे वर जाणारे बुडबुडे. नखांना लाल नेलपॉलिश लावलं होतं, ते खाली काळपट दिसायला लागलं. पाणी आधी लाल रंगच गिळतं म्हणे. अर्धा-पाऊण तास कुणी 'आई' म्हणून हाक मारली नाही, कुणी 'अगं, ऐकलंस का' म्हटलं नाही. फक्त श्वास आत, श्वास बाहेर.

एक विनंती. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत प्राणी आहेत. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. समुद्राचं पाणी तापलं की ते पांढरे पडतात, अंदमानात २०१० मध्ये ते मोठ्या प्रमाणावर झालं होतं. आठवण म्हणून तुकडा उचलून पर्समध्ये टाकाल तर विमानतळावर काढून ठेवावा लागेल. कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे.

या सुट्टीत वही उघडाल तेव्हा स्कूबाच्या पानावर आधी स्वतःचं नाव लिहा. मग सासूबाईंना, जावेला, नणंदेला, मुलीला विचारा, 'येणार का?' त्या 'नको' म्हणाल्या तर ते त्यांचं 'नको' असू दे, आपण त्यांच्या वतीनं लिहिलेलं नको. प्रत्येकीच्या नावापुढे फॉर्मसाठी एक चौकोन काढा. ज्यांना डॉक्टर परवानगी देणार नाहीत, त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. तीही तितक्याच हौसेनं आधीच बुक करा.

आणि चपलांचं म्हणाल, तर त्या खोलीवर ठेवून अनवाणी गेलं तरी चालतं. वाळूच तर आहे.